रेडिओ-नियंत्रित मॉन्स्टर ट्रकमधील सुधारणा आणि फेरबदल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे मुख्यतः १/१० आणि १/८ मापाच्या, बॅटरीवर चालणाऱ्या आरसी मॉन्स्टर ट्रकांना लागू पडतात. इंधनावर चालणाऱ्या नायट्रो ट्रकांचे इंजिन हा निराळा विषय आहे. मात्र सस्पेन्शन, टायर, डिफरन्शियल (वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच) आणि बॉडी यांविषयीचे विवेचन त्यांनाही उपयोगी पडेल.

ट्रकमध्ये सुधारणा करायची आहे; सुरुवात कोठून करावी?

मोटरपासून करू नये. या छंदात नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला आधी वेग वाढवावासा वाटतो, आणि ते काम सोपेही असते, कारण मोटर आणि तिला मिळणारी वीज नियंत्रित करणारी ईएससी ही जोडी तासाभरात बदलता येते. परंतु चालत्या वाहनातील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरने धावणारा ट्रक ६० किलोमीटरने धावू लागला, तर वेग दीडपट होतो आणि दगडावर आदळताना पुढच्या सस्पेन्शन आर्मला झेलावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते.

मोटरचा जोर पिनियन (मोटरच्या दांड्यावरील लहान गिअर), स्पर गिअर (त्याला जोडलेला मोठा गिअर), स्लिपर क्लच (जास्त ताण आल्यास घसरणारी जोडणी), डिफरन्शियल, ड्राइव्हशाफ्ट (चाकाकडे जाणारा दांडा) आणि चाकाचा हेक्स (चाक ज्यावर बसते तो षट्कोनी भाग) अशा मार्गाने जमिनीपर्यंत पोहोचतो. या साखळीतील एक कडी भक्कम केली की ताण पुढच्या कच्च्या कडीवर जातो. माझ्या पहिल्या ट्रकला मी दुसरे काहीही न बदलता ब्रशलेस मोटर बसवली आणि तिसऱ्याच वेळी मागच्या डिफरन्शियलचे दाते झडले. तेथे पोलादी गिअर घातले, तर पंधरा दिवसांत प्लास्टिकचा ड्राइव्हशाफ्ट पिळवटून निघाला. तो पोलादी केल्यावर चाकाचा हेक्स गेला. या सर्व दुरुस्त्या मी आधीच योग्य क्रमाने केल्या असत्या, तर तो सबंध हंगाम ट्रक टेबलावर पडून राहिला नसता. म्हणून काही आठवडे ट्रक मूळ स्थितीतच चालवावा, काय मोडते याची वहीत नोंद ठेवावी आणि त्या नोंदीप्रमाणे क्रम ठरवावा. तशी नोंद नसेल, तर प्रथम बेअरिंग व सर्व्हो (चाके वळवणारी लहान मोटर), मग ड्राइव्हशाफ्ट व डिफरन्शियल, त्यानंतर शॉक व टायर, आणि सर्वांत शेवटी मोटर व बॅटरी असा क्रम मी सुचवतो.

बेअरिंग बदलल्याने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि खर्चाच्या मानाने हा फरक सर्वाधिक असतो. काही किटमध्ये, विशेषतः तामिया या जपानी कंपनीच्या जुन्या आराखड्यांवर आधारलेल्या किटमध्ये, बॉल बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश येतात. त्यांत धूळ शिरली की घर्षण वाढते, भोक मोठे होते आणि चाक डगमगू लागते. बेअरिंग घेताना आतील व्यास, बाहेरील व्यास आणि रुंदी ही तीन मापे पाहावीत. ५ × ११ × ४ मिलिमीटर हे माप अनेक ट्रकांत आढळते. धुळीत आणि चिखलात चालवायचे असेल, तर धातूच्या झाकणाऐवजी रबरी सील असलेले बेअरिंग घ्यावे. त्याचे घर्षण किंचित जास्त असते, परंतु ते टिकते.

ब्रश्ड मोटर आणि ब्रशलेस मोटर यांत नेमका फरक काय?

ब्रश्ड मोटरमध्ये कार्बनचे ब्रश फिरत्या कम्युटेटरवर घासून वीज पोहोचवतात, त्यामुळे ते झिजतात आणि घर्षणात ऊर्जाही वाया जाते. ब्रशलेस मोटरमध्ये चुंबक फिरतो, तारांची वेटोळी स्थिर राहतात आणि कोणत्या वेटोळ्याला केव्हा वीज द्यायची हे ईएससी ठरवते. म्हणूनच ब्रशलेस मोटर घेताना त्याच प्रकारची ईएससी घ्यावी लागते. चुंबकाची स्थिती ईएससीला कळवणारा सेन्सर नसलेली मोटर उलट्या दिशेने फिरू लागली, तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी.

सेन्सर असलेली मोटर अगदी मंद वेगातही धक्के न देता सुरू होते. मोकळ्या मैदानावर उड्या मारणाऱ्या ट्रकाला तिची गरज नसते. दगडांवरून सावकाश चढवायचा असेल, तर मात्र तिचा फायदा जाणवतो.

मोटरवर लिहिलेल्या ‘केव्ही’ या आकड्याचा अर्थ काय?

हा किलोव्होल्ट नव्हे. मोटरवर भार नसताना दर व्होल्टमागे ती मिनिटाला किती फेरे घेते, हे तो आकडा सांगतो. ३००० केव्हीच्या मोटरला ७.४ व्होल्ट दिल्यास ती सुमारे २२,२०० फेरे घेईल. त्याच आकाराच्या दोन मोटरींपैकी कमी केव्हीची मोटर दर अँपिअरमागे अधिक पीळ निर्माण करते, म्हणून वजनदार ट्रकांत कमी केव्ही आणि अधिक व्होल्टेज ही जोडी योग्य ठरते. साधारणपणे १/१० मापाच्या ट्रकात २ एस किंवा ३ एस (म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या दोन किंवा तीन सेलच्या) बॅटरीवर ३००० ते ३५०० केव्ही, आणि १/८ मापाच्या ट्रकात ४ एस ते ६ एसवर १८०० ते २२०० केव्ही वापरतात.

गिअरिंग कसे ठरवावे, आणि वेग आधी मोजून पाहता येतो का?

येतो, आणि कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी हे गणित कागदावर करावे, असा माझा आग्रह आहे. स्पर गिअरच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागावे आणि आलेल्या भागाकाराला ट्रान्समिशनच्या आतील गुणोत्तराने गुणावे. ते आतील गुणोत्तर ट्रकाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. या अंतिम गुणोत्तरावरून चाकाच्या एका फेऱ्यासाठी मोटरला किती फेरे घ्यावे लागतात ते कळते. समजा, अंतिम गुणोत्तर १२ आहे, टायरचा व्यास १३० मिलिमीटर आहे आणि वरील ३००० केव्हीची मोटर २ एसवर चालते आहे. २२,२०० भागिले १२ म्हणजे चाकाचे मिनिटाला १,८५० फेरे झाले. टायरचा परीघ सुमारे ०.४०८ मीटर असल्यामुळे ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेग निघतो. तोच ट्रक ३ एसवर, म्हणजे ११.१ व्होल्टवर, ताशी ६८ किलोमीटरपर्यंत जातो. प्रत्यक्षात भार आणि हवेचा विरोध असल्यामुळे वेग यापेक्षा कमी भरतो.

पिनियनला एक दाता वाढवला की वेग वाढतो, पण मोटर आणि ईएससी अधिक तापतात. तेव्हा एका वेळी एकच दाता वाढवावा, पाच मिनिटे चालवावे आणि तापमान मोजावे. पिनियन आणि स्पर यांच्या दात्यांचे माप एकच असले पाहिजे. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल ही मापे इतकी जवळची आहेत की ती एकमेकांबरोबर चालतात, परंतु ४८ पिचचा पिनियन ३२ पिचच्या स्परवर लावल्यास स्परचे दाते काही मिनिटांत भुईसपाट होतील.

पिनियन आणि स्पर यांत किती फट ठेवावी?

वहीच्या कागदाची पातळ पट्टी दोन्ही गिअरांमध्ये घालून मोटर हलकेच दाबावी, स्क्रू घट्ट करावेत आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढावी. पट्टीवर नागमोडी घडी पडली पण ती फाटली नाही, तर फट योग्य आहे. स्पर क्वचित पूर्ण गोल नसतो, म्हणून तो पूर्ण फिरवून तीन-चार ठिकाणी तपासावे.

मोटर किती तापली तर चालते?

इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलेले तापमान ८० अंश सेल्सिअसच्या आत असावे, असा नियम मी पाळतो. त्यापुढे मोटरमधील चुंबक कायमचा क्षीण होण्याचा धोका वाढत जातो, आणि क्षीण झालेली मोटर तेवढ्याच कामासाठी अधिक वीज ओढून आणखी तापते. तापमान वाढले की पंखा बसवण्याआधी कारण शोधावे. पिनियन मोठा असेल, एखादे बेअरिंग जाम झाले असेल, उंच गवतात फार वेळ चालवले असेल किंवा गिअर फार घट्ट बसले असतील. कारण तसेच ठेवून लावलेला पंखा केवळ बिघाड लांबणीवर टाकतो.

लिपो बॅटरी घ्यावी का? तिची काळजी कशी घ्यावी?

निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी भार पडला की लवकर मलूल होते. लिथियम-पॉलिमर, म्हणजे लिपो बॅटरी, शेवटपर्यंत बऱ्याच अंशी तोच जोर देते आणि वजनालाही हलकी असते. त्यामुळे ८.४ व्होल्टची सात सेलची जुनी बॅटरी काढून ७.४ व्होल्टची २ एस लिपो लावली, तरी ट्रक अधिक चपळ वाटतो. मात्र ईएससीमध्ये व्होल्टेज फार खाली जाण्याआधी मोटर थांबवणारी, लिपोसाठीची कटऑफ सोय असली पाहिजे आणि ती चालू केलेली असली पाहिजे.

लिपोचा प्रत्येक सेल सर्वसाधारणपणे ३.७ व्होल्टचा मानला जातो. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टवर असतो, आणि तो ३.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. काही दिवस वापरायची नसेल, तर प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. पूर्ण चार्ज करून आठवडे ठेवलेली बॅटरी फुगू लागते. चार्जर बॅलन्स पद्धतीचा, म्हणजे सर्व सेल सारख्या व्होल्टेजवर आणणारा, असावा आणि चार्जिंगचा प्रवाह १ सी इतका ठेवावा, म्हणजे ५००० एमएएच बॅटरीला ५ अँपिअर. चार्जिंग न पेटणाऱ्या पृष्ठभागावर, बॅटरी ट्रकातून बाहेर काढून आणि स्वतः तेथे हजर राहून करावे. हे मी कळकळीने सांगतो, कारण लिपोची आग काही सेकंदांत भडकते आणि तिला विझवणे कठीण असते. फुगलेली, टोचली गेलेली किंवा टणक कवच पिचलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.

दोन बॅटऱ्या एकत्र जोडल्या तर चालतील का?

सीरिजमध्ये जोडल्यास व्होल्टेजची बेरीज होते. ट्रॅक्सस एक्स-मॅक्सच्या ८ एस आवृत्तीत ४ एसच्या दोन बॅटऱ्या अशाच जोडल्या जातात. दोन्ही बॅटऱ्या एकाच क्षमतेच्या, एकाच वयाच्या आणि सारख्याच चार्ज केलेल्या असाव्यात. ईएससीवर लिहिलेली सेलची मर्यादा कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये. ती ओलांडल्यास ईएससी पहिल्याच जोडणीत जळू शकते.

बॅटरीवरील सी रेटिंग आणि कनेक्टर यांचा संबंध काय?

५००० एमएएच क्षमता आणि ५० सी असे लिहिले असेल, तर ती बॅटरी २५० अँपिअर देऊ शकते, असा त्याचा अर्थ होतो. हे आकडे उत्पादक बरेचदा फुगवून छापतात, म्हणून गरजेपेक्षा बरेच जास्त रेटिंग घ्यावे. बॅटरी चांगली असून कनेक्टर लहान असेल, तर तोच तापून वितळतो. एक्सटी६० हा कनेक्टर ६० अँपिअरसाठी आणि एक्सटी९० हा ९० अँपिअरसाठी बनवलेला आहे. जाड तारांना डाग देताना लहान सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. तार पुरेशी तापली नाही तर डाग वरवरचा बसतो आणि पुढे तडकतो. बॅटरीच्या दोन्ही तारा एकाच वेळी कधीही कापू नयेत. एकेक तार सोडवून, डाग देऊन आणि लगेच झाकूनच दुसऱ्या तारेला हात लावावा.

स्टिअरिंग मंद आहे, चाके पूर्ण वळत नाहीत. काय करावे?

मोठे, जड टायर वळवण्यासाठी मूळ सर्व्होचा जोर बरेचदा अपुरा पडतो. १/१० मापाच्या ट्रकासाठी १५ ते २० किलोग्रॅम-सेंटिमीटर आणि १/८ मापासाठी २५ किंवा त्याहून अधिक पिळाचा, धातूच्या गिअरांचा सर्व्हो घ्यावा. सर्व्होच्या दांड्यावरील खाचांची संख्या त्यावर बसणाऱ्या हॉर्नशी, म्हणजे स्टिअरिंग हलवणाऱ्या पट्टीशी, जुळते की नाही, हे आधी पाहावे. २५ खाचांचा दांडा सर्वाधिक प्रचलित आहे. जोरदार सर्व्हो वीजही जास्त ओढतो. ईएससीतील बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्हो यांना वीज देणारा भाग) तेवढी वीज पुरवू शकली नाही, तर रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि ट्रक ऐन धावेत बेभान होतो. अशा वेळी स्वतंत्र बीईसी बसवावी.

सर्व्हो सेव्हर काढून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. मला तो पटत नाही. चाकावर बसलेला धक्का सेव्हरची स्प्रिंग झेलते. ती नसेल, तर तो धक्का थेट सर्व्होच्या दात्यांवर जातो. स्प्रिंग ढिली वाटत असेल, तर ती अधिक ताठ घालावी, पण सेव्हर ठेवावा.

अ‍ॅल्युमिनियमचे भाग प्लास्टिकपेक्षा चांगले नसतात का?

सर्वच ठिकाणी नसतात, आणि या एका गैरसमजापायी सर्वाधिक पैसे वाया जातात. चांगले नायलॉन धक्का बसला की वाकते आणि पुन्हा मूळ आकारात येते. अ‍ॅल्युमिनियम वाकले की वाकलेलेच राहते, आणि न वाकता टिकले तर धक्का शेजारच्या भागाकडे ढकलते. पुढचे सस्पेन्शन आर्म अ‍ॅल्युमिनियमचे केले, तर आर्मऐवजी बल्कहेड (आर्म ज्याला जोडलेले असतात तो भाग) किंवा चॅसी तडकते, आणि ती बदलण्यासाठी अर्धा ट्रक खोलावा लागतो. आर्म मात्र दोन पिना काढल्या की दहा मिनिटांत बदलतो. मोडायचेच असेल, तर स्वस्त आणि सहज बदलता येणारा भाग मोडावा, अशा रीतीनेच ट्रकाची रचना ठेवली पाहिजे.

म्हणून आर्म, बंपर आणि बॉडीचे खांब नायलॉनचेच ठेवावेत. आरपीएमसारख्या उत्पादकांचे जाड नायलॉन आर्म मूळ आर्मपेक्षा अधिक लवचीक आणि टिकाऊ असतात. जेथे उष्णता वाहून न्यायची असते, घट्ट बसणे महत्त्वाचे असते किंवा आटे झिजतात, तेथे अ‍ॅल्युमिनियम योग्य ठरते: मोटर माउंट, शॉकची टोपणे, चाकांचे हेक्स, स्टिअरिंगचे बेलक्रँक. ड्राइव्हशाफ्टसाठी मात्र पोलादच हवे. थंडीत नायलॉन ठिसूळ होते. नायलॉनचे भाग पाण्यात उकळून घेण्याची जुनी पद्धत याच कारणाने रूढ झाली आहे, कारण नायलॉन पाणी शोषून घेते आणि त्यामुळे अधिक चिवट बनते.

मोठे टायर लावल्यास आणखी काय बदलावे लागेल?

मोठा टायर म्हणजे मोठा पिनियन लावल्यासारखेच आहे. व्यास १३० मिलिमीटरवरून १५० केला, तर गिअरिंग सुमारे १५ टक्क्यांनी उंचावते. १५ दात्यांचा पिनियन असेल, तर तो १३ दात्यांचा करावा. टायर वळताना किंवा सस्पेन्शन दबल्यावर बॉडीला घासतो का, हे हाताने दाबून पाहावे. भारी टायरांचा पीळ १२ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या हेक्सला पेलवत नाही. १/८ मापाच्या अनेक ट्रकांत १७ मिलिमीटरचे हेक्स असतात ते याच कारणाने. जास्त वेगात साधा टायर फुग्यासारखा पसरतो आणि ट्रकावरचा ताबा सुटतो, म्हणून ३ एस किंवा अधिक व्होल्टेजवर आतून तंतूंचा पट्टा असलेले टायर घ्यावेत.

टायर रिमवरून सुटतो, तो कसा चिकटवावा?

टायरची आणि रिमची कड अल्कोहोलने पुसून घ्यावी, कारण साच्यातून आलेल्या टायरवर तेलकट थर असतो. त्यानंतर पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचे थेंब टायरची कड थोडी बाजूला सारून कडेने सोडावेत. दुसरी बाजू पहिली पूर्ण सुकल्यावरच करावी.

शॉक आणि डिफरन्शियल यांत कोणते तेल घालावे?

दोन्हींत सिलिकॉन तेलच घालावे. शॉकच्या तेलावर छापलेला ‘वेट’ हा आकडा प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो, तेव्हा तुलना करताना सीएसटी (सेंटिस्टोक) हे तेलाच्या घट्टपणाचे एकक पाहावे. उडीनंतर चॅसी जमिनीवर आपटत असेल, तर तेल थोडे घट्ट करावे. खडबडीत जागी चाके जमीन सोडून नाचत असतील, तर पातळ करावे.

डिफरन्शियलचे तेल याहून कितीतरी घट्ट असते. पुढे-मागे सुमारे १०,००० सीएसटीपासून सुरुवात करावी. मधला डिफरन्शियल असलेल्या ट्रकांत तेथे पातळ तेल असेल, तर जोर हवेत उचललेल्या पुढच्या चाकांकडे वाहून जातो आणि ती चाके फुगतात; १,००,००० सीएसटी किंवा त्याहून घट्ट तेल घातल्यावर मागची चाके खऱ्या अर्थाने ढकलू लागतात.

ट्रक वळणावर सारखा उलटतो. उपाय काय?

मॉन्स्टर ट्रक उंच असतो, त्यामुळे काही प्रमाणात हे होणारच. स्प्रिंगवरील प्रीलोड कमी करून ट्रक थोडा खाली आणावा, अँटी-रोल बार बसवावेत, बॅटरी शक्य तितकी खाली ठेवावी आणि बाहेरच्या बाजूला अधिक सरकलेल्या रिम वापराव्यात. यापेक्षा जास्त खाली आणलेला ट्रक उड्या मारण्याच्या कामाचा राहत नाही.

बॉडी स्वतः रंगवायची आहे. कोणती काळजी घ्यावी?

ही बॉडी पातळ, पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि ती आतून रंगवतात, त्यामुळे बाहेरून घासले तरी रंग जात नाही. आतून रंगवण्याचा परिणाम असा की कामाचा क्रम उलटा होतो: बाहेरून जे सर्वांत वर दिसायला हवे, ते आधी रंगवावे लागते. गडद रंग प्रथम, फिके रंग नंतर, आणि शेवटी पाठीमागे पांढरा किंवा चंदेरी थर द्यावा. नाहीतर फिके रंग उन्हात धुरकट दिसतात. रंग पॉलिकार्बोनेटसाठी बनवलेलाच हवा, कारण दुसरा स्प्रे पहिल्या उडीतच पापुद्र्यासारखा सुटतो. सुरुवातीला बॉडी भांड्यांच्या साबणाने आतून धुऊन पूर्ण वाळवावी, बाहेरचे संरक्षक आवरण मात्र सर्व काम संपेपर्यंत काढू नये. पातळ थर देत जावे आणि प्रत्येक थर सुकू द्यावा. घाईने दिलेला जाड थर मास्किंग टेपच्या खाली झिरपतो आणि रेघ कायमची बिघडते.

रंग वाळल्यावर कोपरे, छप्पर आणि चाकांभोवतीच्या कमानी यांना आतून जाळीदार फायबर टेप लावून त्यावर बूट दुरुस्तीचा लवचीक गोंद पसरावा. अशी बॉडी काही ग्रॅम जड होते, पण तिचे आयुष्य कित्येक पटींनी वाढते. खांबांची भोके रीमरने हळूहळू मोठी करावीत.

खऱ्या मॉन्स्टर ट्रकासारखे रूप आणि चाल हवी असेल तर?

मग स्वतंत्र सस्पेन्शनऐवजी सॉलिड अ‍ॅक्सलच्या (दोन्ही बाजूंची चाके एकाच अखंड अ‍ॅक्सलवर असलेल्या) ट्रकाकडे वळावे. १९८७ साली आलेला तामियाचा क्लॉड बस्टर आजही या कामासाठी प्रिय आहे: दोन्ही अ‍ॅक्सलवर एकेक मोटर आणि चारही चाकांना स्टिअरिंग ही त्याची रचना त्या काळी विलक्षण होती. त्याचे मूळ स्टिअरिंग मात्र दुबळे आहे, कारण चॅसीवरील एकाच सर्व्होला लांब दांड्यांतून दोन्ही अ‍ॅक्सल वळवावे लागतात. प्रत्येक अ‍ॅक्सलवर स्वतंत्र सर्व्हो बसवणे ही त्यावरची सर्वमान्य सुधारणा आहे. तयार स्थितीत हवा असेल, तर लोसीचा एलएमटी हाही सॉलिड अ‍ॅक्सलचा ट्रक आहे.

‘वॉटरप्रूफ’ ट्रक पाण्यात चालवल्यानंतर काय करावे?

तो शब्द सहसा इलेक्ट्रॉनिक भागांपुरताच असतो. घरी आल्यावर चाके काढून पुसावे, हवेने वाळवावे आणि बेअरिंगना तेल द्यावे. खाऱ्या पाण्यात ट्रक अजिबात उतरवू नये.

स्क्रू सारखे ढिले होतात. लॉकटाइट लावावे का?

धातूत धातूचा स्क्रू जातो तेथे निळे, मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर लावावे; मोटर माउंट आणि पिनियनचा ग्रब स्क्रू ही दोन ठिकाणे तर कधीच चुकवू नयेत. प्लास्टिकवर ते लावू नये, कारण अनेक प्रकारचे प्लास्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकते. लॉक केलेला स्क्रू निघत नसेल, तर सोल्डरिंग आयर्नने त्याचे डोके तापवावे.

३डी प्रिंट केलेले भाग टिकतात का?

जागेवर अवलंबून आहे. पीएलए हे ३डी प्रिंटिंगचे नेहमीचे प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, म्हणून त्याचा मोटर माउंट बनवणे चुकीचे आहे; उन्हात उभ्या असलेल्या मोटारगाडीतही असे भाग वाकतात. दिव्यांचे कंस, आतील सजावट, बॅटरीचे ठोकळे यांना पीएलए पुरते. धक्के झेलणारे भाग नायलॉनमध्येच छापावेत, आणि थरांची दिशा अशी ठेवावी की ताण थरांना एकमेकांपासून ओढून काढणार नाही.

काढलेल्या मूळ भागांचे काय करावे?

ते जपून ठेवावेत. प्रत्येक भाग पिशवीत घालून वर तारीख आणि तो कोठून काढला ते लिहावे, स्क्रूही त्याच पिशवीत ठेवावेत. बदललेला भाग अपेक्षेप्रमाणे चालला नाही, तर ट्रक त्याच संध्याकाळी पूर्ववत करता येतो. शिवाय गिअर आणि दांड्यांची मापे घेण्यासाठी हातात मूळ नमुना असलेला बरा.